दप्तराचा ताळा : संगणकावरील अभिलेख शाबूत आहेत हे कसे ओळखावे?

कर्मचाऱ्याची बदली होते, दुसरा त्याच्या जागी रुजू होतो. कार्यभार सोपविण्याच्या दिवशी टेबलावर दोन गोष्टी असतात. एक दप्तर आणि दुसरी त्या दप्तराची यादी. नवा कर्मचारी यादीतील एकेक नोंदवही हाती घेतो, पृष्ठे मोजतो, फाटलेल्या अथवा गहाळ पानांचा उल्लेख शेऱ्याच्या रकान्यात करतो आणि मगच यादीखाली स्वाक्षरी करतो. यादीशिवाय दप्तर स्वीकारू नये, ही शिस्त आपल्या प्रशासनात कित्येक पिढ्या मुरलेली आहे.

आज मात्र दप्तराचे रूप पालटले आहे. जुन्या नोंदवह्या स्कॅन होऊन संगणकावर आल्या आहेत आणि नवी कागदपत्रे तर संगणकावरच जन्म घेत आहेत. कार्यभार सोपविताना एखादी हार्डडिस्क पुढे केली जाते आणि 'सर्व दप्तर यात आहे' असे सांगण्यात येते. घेणारा चार-दोन फाईली उघडून पाहतो आणि समाधान मानतो. परंतु त्या डिस्कमध्ये खरोखर सर्व फाईली आहेत काय? आणि ज्या आहेत त्या पहिल्या दिवशी होत्या तशाच आहेत काय? या दोन प्रश्नांचे खात्रीचे उत्तर चार-दोन फाईली उघडून मिळत नाही. त्यासाठी संगणकीय दप्तराचीही यादी असावी लागते. ती यादी कशी तयार करावी, कशी जपावी आणि तिच्यावरून पडताळणी कशी करावी, याचा परिचय प्रस्तुत लेखात करून देण्याचा प्रयत्न आहे.

प्रश्न केवळ यंत्राचा नाही

हा विषय संगणक-तज्ज्ञांचा आहे, आपला नव्हे, असे पंचायतीच्या सदस्यांना किंवा शिक्षकांना वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ मध्ये झालेली सुधारणा १ ऑक्टोबर २०२३ पासून अंमलात आली. त्या दिवशी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेश, वाहनचालक परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, शासकीय नेमणूक अशा अनेक कामांसाठी जन्माची तारीख व स्थळ यांचा पुरावा म्हणून जन्म प्रमाणपत्रच धरले जाते. त्या प्रमाणपत्रामागील नोंद आता संगणकावर असते. जात-पडताळणीच्या प्रकरणात शाळेच्या जुन्या प्रवेश नोंदवहीतील एक ओळ एखाद्या कुटुंबाचे भवितव्य ठरविते. ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही, म्हणजे नमुना आठ, घराच्या ताब्याच्या वादात पुढे येते. मूळ वही वाळवीने खाल्लेली असेल, तर तिची स्कॅन केलेली प्रत हाच उरलेला आधार असतो. ते एक पान उघडले नाही, तर नुकसान यंत्राचे होत नाही. ज्या माणसाची ती नोंद आहे त्याचे होते.

मूक बिघाड

कागदाचा बिघाड डोळ्यांना दिसतो. वाळवी लागली की भुसा पडतो, ओल आली की डाग उमटतो. संगणकावरील बिघाड बहुधा मूक असतो. फाईलचे नाव जागेवर असते, आकारही तितकाच दिसतो. आतील एखादा अंश मात्र बदललेला असतो. ती फाईल उघडण्याची वेळ येईपर्यंत कोणाला सुगावा लागत नाही आणि ती वेळ दहा वर्षांनी येऊ शकते.

हे प्रकार वाटतात तितके दुर्मीळ नाहीत. विस्कॉन्सिन व टोरांटो विद्यापीठांतील संशोधकांनी नेटॲप या कंपनीतील तज्ज्ञांच्या साहाय्याने केलेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. सुमारे १५ लाख ३० हजार डिस्कांवर ४१ महिने लक्ष ठेवले असता, साठविलेला मजकूर व त्याचा ताळा जुळत नाही अशा ४ लाखांहून अधिक घटना आढळल्या. या घटना उजेडात आल्या त्या डिस्कने तक्रार केली म्हणून नव्हे. त्या यंत्रणांत प्रत्येक मजकुराबरोबर त्याचा ताळाही साठविला जात होता म्हणून. आपल्या कार्यालयांतील सर्वसाधारण संगणकांत फाईलींच्या मजकुराचा असा ताळा आपोआप ठेवला जात नाही. तो आपल्यालाच ठेवावा लागतो.

याखेरीज नकल करताना वीज जाणे, पेनड्राइव्ह घाईने काढणे, एखादा फोल्डर चुकून दुसऱ्यात ओढला जाणे, विषाणूचा उपद्रव आणि क्वचित हेतुपूर्वक केलेला फेरबदल, ही कारणे आहेतच.

शाळेतला ताळा

ताळा हा शब्द आपल्याला नवा नाही. जुन्या पिढीतील शिक्षक बेरीज झाली की विद्यार्थ्याला नवाचा ताळा पाहावयास सांगत. ३२७ व ४५८ यांची बेरीज ७८५. पहिल्या संख्येतील अंकांची बेरीज १२, म्हणजे पुन्हा ३. दुसरीतील अंकांची बेरीज १७, म्हणजे ८. तीन आणि आठ मिळून ११, म्हणजे २. उत्तरातील अंकांची बेरीज २०, म्हणजे २. ताळा जुळला. सगळे गणित पुन्हा न करता एका अंकावरून उत्तराची परीक्षा झाली.

पण या ताळ्यात एक उणीव आहे. विद्यार्थ्याने ७८५ ऐवजी ७५८ लिहिले, तरी अंकांची बेरीज वीसच होते आणि चूक निसटते. अंकांची अशी अदलाबदल हीच तर हाताने लिहिण्यातील नेहमीची चूक. ती पकडणारी रीत याकोबस व्हेरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ साली मांडली. आपल्या आधार क्रमांकातील बारावा अंक याच रीतीने काढलेला ताळ्याचा अंक आहे. म्हणून क्रमांक लिहिताना एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर संगणक तो क्रमांक तेथेच नाकारतो.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. मोठ्या मजकुराची परीक्षा त्यापासून काढलेल्या लहानशा खुणेने करता येते. आणि ती खूण किती भरवशाची, हे ती काढण्याच्या रीतीवर अवलंबून असते.

फाईलचा ठसा

संपूर्ण फाईलसाठी अशी खूण काढण्याच्या गणिती रीतीला 'हॅश' असे नाव आहे. आपण तिला फाईलचा ठसा म्हणू. अंगठ्याच्या ठशावरून जसा माणूस ओळखावा, तशी या ठशावरून फाईल ओळखता येते. आज सर्वत्र स्वीकारलेली रीत 'शा-२५६' या नावाने ओळखली जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने ती २००२ साली मानक म्हणून प्रसिद्ध केली. फाईल एका ओळीची असो वा हजार पानांची, या रीतीने निघणारा ठसा नेहमी ६४ चिन्हांचा असतो. शून्य ते नऊ हे अंक आणि पहिली सहा रोमन अक्षरे एवढीच चिन्हे त्यात येतात.

या ठशाचे तीन गुण महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, तीच फाईल कोणत्याही संगणकावर, कोणत्याही दिवशी तपासली तरी ठसा तोच येतो. दुसरा असा की, फाईलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला तरी सगळा ठसा ओळखू न येण्याइतका पालटतो. थोडा बदल म्हणून थोडा फरक, असे होत नाही. तिसरा गुण असा की, ठशावरून मूळ मजकूर काढता येत नाही आणि ठरावीक ठसा येईल अशी दुसरी फाईल मुद्दाम घडविणे व्यवहारात अशक्य आहे. संभाव्य ठशांची संख्या ७८ अंकी आहे, एवढे सांगितले म्हणजे याची कल्पना येईल.

सर्वच रीती इतक्या भक्कम नाहीत. रोनाल्ड रिव्हेस्ट यांची 'एमडी-५' ही रीत १९९२ साली प्रसिद्ध झाली आणि जगभर वापरली गेली. परंतु भिन्न मजकुरांचा एकच ठसा येईल अशा जोड्या घडविता येतात, हे चिनी गणितज्ञ शाओयुन वांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवून दिले. १९९५ सालच्या 'शा-१' या रीतीची तीच गत झाली. ॲम्स्टरडॅम येथील संशोधन संस्था व गूगल यांनी २०१७ साली एकाच ठशाच्या दोन भिन्न पीडीएफ फाईली जगापुढे ठेवल्या. अपघाती बिघाड या जुन्या रीतींनीही कळतो. लबाडी मात्र खात्रीने पकडली जात नाही. नव्याने काम सुरू करणाऱ्याने शा-२५६ हीच रीत स्वीकारणे श्रेयस्कर होय.

सूचीचे स्वरूप

एका फाईलचा ठसा काढणे ही पहिली पायरी. दप्तरात मात्र शेकडो फोल्डर व हजारो फाईली असतात. म्हणून संपूर्ण फोल्डरची एक सूची तयार करण्यात येते. जहाजावर चढविलेल्या मालाच्या यादीला मॅनिफेस्ट म्हणतात. तेच नाव संगणकाच्या परिभाषेत या सूचीला मिळाले आहे. सूचीतील प्रत्येक ओळीत दोन बाबी असतात: फाईलचा ठसा, आणि ती कोणत्या फोल्डरमध्ये कोणत्या नावाने आहे तो पत्ता. ही सूची म्हणजे साधी मजकुराची फाईल असते. ती वाचण्यास कोणताही खास कार्यक्रम लागत नाही आणि पन्नास वर्षांनीही ती वाचता येईल.

अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि कॅलिफोर्निया डिजिटल लायब्ररी यांनी या कल्पनेवर 'बॅगिट' नावाची एक पद्धत बसविली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ती इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत प्रसिद्ध झाली. एका ग्रंथालयाकडून दुसऱ्याकडे अभिलेख पाठविताना ते जणू एका पिशवीत भरले जातात. पिशवीत मूळ फाईलींचा एक फोल्डर, त्यांची ठशांसह सूची आणि पाठविणाऱ्याची माहिती असते. फाईली किती व त्यांचा एकूण आकार किती बाइट, ही बेरीजही नोंदविता येते. पिशवी मिळाली की घेणारा दोन प्रश्न विचारतो. पिशवी पूर्ण आहे काय, म्हणजे सूचीतील प्रत्येक फाईल आत आहे आणि आतील प्रत्येक फाईल सूचीत आहे काय? पिशवी ग्राह्य आहे काय, म्हणजे प्रत्येक फाईलचा ठसा सूचीशी जुळतो काय?

पडताळणीअंती प्रत्येक फाईलबाबत चारपैकी एक निष्कर्ष निघतो: जशीच्या तशी, बदललेली, गहाळ किंवा जादा. यांपैकी जादा फाईलींकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. सूची समोर ठेवून तपासणी करणारे साधे कार्यक्रम सूचीत जे आहे तेवढेच पाहतात. सूचीबाहेरचे एखादे पान मध्ये घुसडले असेल तर ते त्याबद्दल काहीच बोलत नाहीत. म्हणून फाईलींची संख्या स्वतंत्रपणे मोजून ताडून पाहणे अगत्याचे आहे.

गाव, तालुका आणि जिल्हा

एका गावाची सूची हाताळणे सोपे आहे. पण संपूर्ण जिल्ह्याचे काय? याचे उत्तर आपल्या प्रशासनाच्या उतरंडीसारखेच आहे. सूची हीही एक फाईलच असल्याने तिचाही ठसा काढता येतो. प्रत्येक गावाच्या सूचीचा ठसा तालुक्याच्या सूचीत नोंदवावा. तालुक्याच्या सूचीचा ठसा जिल्ह्याच्या सूचीत नोंदवावा. शेवटी जिल्ह्याच्या सूचीचा एकच ठसा उरतो. त्या ६४ चिन्हांत सर्व गावांच्या सर्व पानांचे साक्षित्व सामावलेले असते. कोणत्याही गावातील एक अक्षर बदलले, तर नव्याने काढलेला वरचा ठसा जुन्याशी जुळणार नाही. आणि वरून खाली पाहत गेले की दोन-तीन पायऱ्यांत नेमका तालुका, नेमके गाव व नेमकी फाईल सापडते. ठशांची ही उतरंड राल्फ मर्केल या संशोधकाने १९७९ साली मांडली आणि त्यांच्याच नावाने ती ओळखली जाते. जगभरचे संगणक-लेखक आपल्या कामाच्या आवृत्त्या जपण्यासाठी वापरतात ती २००५ सालची 'गिट' ही प्रणाली याच तत्त्वावर उभी आहे.

सूचीची राखण कोणी करावी?

आता एक साहजिक शंका उद्भवते. जो फाईल बदलू शकतो, तो सूचीतील ठसाही बदलू शकणार नाही काय? अवश्य बदलू शकेल. दप्तर आणि त्याची यादी एकाच कपाटात, एकाच किल्लीखाली ठेवली, तर यादीचा धाक उरत नाही.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी मॉरिस नावाने प्रसिद्ध असलेल्या स्वयंप्रसारी कार्यक्रमाने अमेरिकेतील संगणक-जाळ्यात गोंधळ माजविला. त्या घटनेने संगणक-प्रणालीच्या फाईली बदलल्या गेल्या काय, हे कसे ओळखावे हा प्रश्न ऐरणीवर आला. बरोबर चार वर्षांनी, १९९२ साली, पर्ड्यू विद्यापीठातील प्राध्यापक युजीन स्पॅफर्ड व त्यांचे विद्यार्थी जीन किम यांनी 'ट्रिपवायर' हा कार्यक्रम उपलब्ध करून दिला. महत्त्वाच्या फाईलींचे ठसे एकदा नोंदवावयाचे आणि वेळोवेळी ताडून पाहावयाचे, असे त्याचे काम होते. ठशांची नोंद ज्यावर पुन्हा लिहिता येत नाही अशा साधनावर ठेवावी, ही त्यामागील शिकवण आजही तितकीच मोलाची आहे.

आपल्या इतिहासात या विचाराचे नाते सापडते. मराठेशाहीतील पत्रात मजकूर जेथे संपे तेथे मर्यादेची मुद्रा उमटवीत, जेणेकरून खाली कोणी ओळ वाढवू नये. 'शिक्कामोर्तब' हा शब्द त्या व्यवहारातूनच आपल्या बोलण्यात आला. मुद्रा मात्र लेखकाच्या हाती नसे. ती अधिकाऱ्याच्या ताब्यात असे. लिहिणारा एक आणि मुद्रा जपणारा दुसरा, हेच त्या व्यवस्थेचे बळ होते.

संगणकीय सूचीसाठी यावरून एक साधी तजवीज सुचते. संपूर्ण सूची कागदावर उतरविण्याची गरज नाही. केवळ सूचीचा ठसा, म्हणजे ६४ चिन्हांची एक ओळ, फाईलींची संख्या, एकूण आकार व दिनांक एवढे नोंदवहीत लिहून त्याखाली जबाबदार अधिकाऱ्याची स्वाक्षरी घ्यावी. त्याची एक प्रत वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवावी. डिस्कमध्ये कोणी काहीही केले, तरी शाईने लिहिलेली ती ओळ त्याच्या हाती लागणार नाही.

कायद्याची दृष्टी

हा केवळ चांगल्या व्यवस्थेचा भाग राहिलेला नाही. कायद्यानेही त्याची दखल घेतली आहे. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून अंमलात आला. त्याच्या कलम ६३ अन्वये इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुरावा म्हणून दाखल करताना प्रमाणपत्र जोडावे लागते. त्या प्रमाणपत्राचा नमुना अधिनियमाच्या अनुसूचीत दिला असून त्यात अभिलेखाचे हॅश-मूल्य आणि ते कोणत्या रीतीने काढले हे नमूद करण्यासाठी जागा ठेवलेली आहे. नमुन्याचा पहिला भाग अभिलेख सादर करणाऱ्याने व दुसरा भाग तज्ज्ञाने भरावयाचा आहे.

प्रमाणपत्राचे महत्त्व आपल्याच राज्यातील एका प्रकरणाने अधोरेखित केले होते. जालना मतदारसंघातील २०१४ सालच्या विधानसभा निवडणुकीच्या वादात नामनिर्देशनाच्या वेळेचे चित्रीकरण हा कळीचा पुरावा होता आणि त्याच्या प्रमाणपत्राचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मूळ साधन न्यायालयात हजर केले नसेल, तर त्यावेळच्या कायद्यातील प्रमाणपत्र आवश्यक आहे, असा निर्णय न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी दिला. कार्यालयात सहज म्हणून केलेले चित्रीकरण उद्या न्यायालयात उभे राहू शकते, हा त्यातील बोध आहे. अभिलेख तयार झाला त्याच दिवशी ठसा नोंदविलेला असेल, तर वर्षांनंतर प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्याच्या पायाखाली भक्कम जमीन असते.

डिजिटल स्वाक्षरीचे मर्मही हेच आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नुसार होणाऱ्या डिजिटल स्वाक्षरीत प्रथम दस्तऐवजाचा ठसा काढला जातो आणि तो ठसा स्वाक्षरी करणाऱ्याच्या गुप्त किल्लीने मुद्रांकित केला जातो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आपण विश्वासाने स्वीकारतो तो याच आधारावर.

कार्यालयातील कार्यपद्धती

प्रत्यक्ष काम कठीण नाही. विंडोज प्रणालीत 'सर्टयुटिल' व 'गेट-फाईलहॅश' आणि लिनक्स प्रणालीत 'शा-२५६-सम' या आज्ञा मुळातच उपलब्ध असतात. वेगळा खर्च करावा लागत नाही. कार्यालयाने पुढील क्रम पाळावा.

१. चालू काम व बंद झालेले दप्तर वेगळे करावे. ज्यात रोज भर पडते त्या फोल्डरची सूची रोज जुनी होते. वर्षअखेरीस काम पूर्ण झालेले फोल्डर बंद करून त्यांची सूची करावी.

२. सूची करण्यापूर्वी पाने डोळ्यांनी तपासावीत. वाकडे, अस्पष्ट किंवा कोरे पान स्कॅन झाले असेल, तर त्याचा ठसाही तितक्याच इमानाने निघेल.

३. सूची मूळ ठिकाणीच, नकल करण्यापूर्वी तयार करावी. नकलेवरून केलेली सूची नकलेतील दोषालाच प्रमाण मानते.

४. नकल झाल्यावर डिस्क रीतसर अलग करून पुन्हा जोडावी आणि मग पडताळणी करावी. नकल होताच पडताळणी केल्यास संगणक डिस्कऐवजी आपल्या स्मृतीत असलेला मजकूर वाचण्याचा संभव असतो.

५. सूचीचा ठसा नोंदवहीत लिहून स्वाक्षरी घ्यावी व सूचीच्या प्रती निदान दोन ठिकाणी ठेवाव्यात.

६. वर्षातून एकदा आणि प्रत्येक कार्यभार बदलाच्या वेळी पडताळणी करावी. निष्कर्ष, दिनांक व तपासणाऱ्याचे नाव नोंदवावे.

७. ताळा न जुळल्यास ती फाईल दुसऱ्या ठिकाणच्या शाबूत प्रतीवरून पुन्हा आणावी आणि घटनेची नोंद करावी.

सातव्या पायरीवर एक मोह उत्पन्न होतो आणि त्याविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. ताळा जुळत नाही असे दिसताच नवी सूची बनवून टाकली की सर्व काही जुळते. असे करणे म्हणजे गहाळ नोंदवहीचे नाव कार्यभाराच्या यादीतून खोडून यादी बरोबर करणे होय. सूची दप्तराप्रमाणे बदलावयाची नसते. दप्तर सूचीशी ताडावयाचे असते. बदल योग्य व अधिकृत असेल, तर फेरफार नोंदवहीप्रमाणे कारण, दिनांक व आदेश लिहून नवी सूची करावी आणि जुनी सूची जपून ठेवावी.

काही व्यावहारिक सावधगिरी

मराठी नावांच्या फाईलींत एक विशेष अडचण येते. 'शेतकऱ्यांची यादी' हेच नाव घ्या. त्यातील 'ऱ्या' हे अक्षर संगणकात एकाहून अधिक प्रकारे साठविले जाते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसते; संगणकाच्या लेखी ती दोन भिन्न नावे असतात. एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाताना नावाची साठवण बदलली, तर तपासणीत एक फाईल गहाळ आणि एक जादा दिसते. ठसा मात्र तोच राहतो. अशा वेळी न गोंधळता दोन्ही ओळींचे ठसे जुळवून पाहावेत. नव्याने नावे देताना गावाचा संकेतांक, वर्ष व पृष्ठक्रमांक अशी अंकांवर आधारलेली पद्धत वापरणे सोयीचे.

फाईल केवळ उघडून वाचल्याने ठसा बदलत नाही. ती पुन्हा जतन केली की एक शब्द न बदलताही बहुधा बदलतो. जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये आणला, तर अर्थ तोच राहिला तरी ठसा वेगळा होतो. म्हणून मूळ फाईल तिच्या सूचीसह वेगळी ठेवावी. पंचनाम्याची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठविल्यास ती आकुंचित होतात आणि ठसा जुळत नाही. मूळ छायाचित्रांचा ठसा आधी काढावा आणि ती दस्तऐवज म्हणून पाठवावीत.

सूची वाचताना उपयोगी पडणारी आणखी एक खूण आहे. पूर्णपणे रिकाम्या फाईलचा शा-२५६ ठसा नेहमी ई, ३, बी, ०, सी, ४, ४, २ या चिन्हांनी सुरू होतो. सूचीत ही चिन्हे वारंवार दिसली, तर तेवढ्या फाईलींत काहीच साठविले गेलेले नाही असे समजावे. शासकीय कागदपत्रांचे ठसे काढण्यासाठी ती अनोळखी संकेतस्थळांवर चढवू नयेत, हेही लक्षात ठेवावे. हे काम कार्यालयातील संगणकावरच होते.

मर्यादा आणि जबाबदारी

ठसासूची सर्व व्याधींवरचे औषध नव्हे. बदल झाला एवढे ती सांगते. कोणी केला हे सांगत नाही. बिघडलेली फाईल ती दुरुस्त करीत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रतीच लागतात. नोंद मुळात खोटी असेल, तर ती खोटी नोंद शाबूत आहे एवढीच ग्वाही सूची देते. नोंद खरी लिहिणे हे माणसाचे काम आहे आणि ते माणसाकडेच राहणार.

परंतु लिहिलेली खरी नोंद उद्या, दहा वर्षांनी, पुढच्या पिढीलाही जशीच्या तशी मिळेल याची हमी देण्याचे साधन आज प्रत्येक कार्यालयाच्या हाती आहे. ग्रामसभेत सदस्यांनी विचारावे की, आपल्या गावचे स्कॅन झालेले दप्तर शेवटचे केव्हा ताडून पाहिले? मुख्याध्यापकांनी प्रवेश नोंदवहीच्या प्रतींची सूची या वर्षअखेरीस करून घ्यावी. कार्यभार स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याने डिस्कबरोबर तिची सूची मागावी आणि ताळा जुळल्यावरच स्वाक्षरी करावी. प्रत काढली म्हणजे दप्तर जपले असे होत नाही. ताळा जुळला म्हणजे जपले. पूर्वीच्या कारकुनाने यादीवरून नोंदवह्या मोजून घेतल्या म्हणून आज त्या आपल्या हाती आहेत. तेच कर्तव्य आता आपले आहे.